माळीकाम शिकायला विलायतेला यायचं म्हणतोस, तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी बी ग्रुप (जीवशास्त्र) झालंय, गच्चीत शंभरेक कुंड्या आहेत, इंग्लंडला येऊन हॉर्टिकल्चर शिकायचं आणि तिथंच माळी म्हणून राहायचं. बाबा म्हणतात, "माळीच व्हायचं तर आपल्या बडोद्याची कमाटीबाग काय वाईट आहे?"

बाबांचं बोलणं चेष्टेवारी नेऊ नकोस. लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानात काम केलेला गुस्ताव क्रुम्बिगेल हा जर्मन माणूस १८९३ साली तिथून उठून सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आपल्या बडोद्याला आला आणि पुढे बंगळुरूला लालबागेत गेला. त्या काळी चांगला बागवान उलट्या दिशेनं प्रवास करत होता. हे त्यांना सांग, निदान चहा होईपर्यंत तरी ऐकून घेतील.

आता मुद्द्याचं. शिकायला जरूर ये, पण माळी म्हणून कायमचं राहता येईल या भरवशावर कर्ज काढू नकोस. २२ जुलै २०२५ पासून इथला स्किल्ड वर्कर व्हिसा साधारणपणे पदवीच्या पातळीच्या कामांनाच मिळतो आणि पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे. माळीकाम या पातळीत बसत नाही, मग तू गुलाब कितीही सुंदर छाट. मी आले तेव्हा नियम वेगळे होते, म्हणून माझं उदाहरण घरी देऊ नकोस. 'सीझनल वर्कर' व्हिसाच्या जाहिरातींनाही भुलू नकोस. तो ६ महिन्यांचा, फळं-भाज्या तोडायचा. त्यावरून दुसऱ्या व्हिसावर जाता येत नाही.

इथल्या बागांमध्ये आरएचएसच्या, म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या, लेव्हल २ प्रमाणपत्राला मान आहे. पण ते वर्ग बहुतेक संध्याकाळचे किंवा आठवड्यातून एक दिवसाचे. तसल्या अर्धवेळ कोर्सवर विद्यार्थी व्हिसा होत नाही. म्हणून कुठल्याही कॉलेजला पहिला प्रश्न हा विचार: तुम्ही व्हिसा स्पॉन्सर करता का, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसाची जबाबदारी घेता का? अभ्यासक्रम नंतर बघ. पदवीखालच्या कोर्सला सत्रात आठवड्याला १० तास काम करता येतं, पदवीला २०. आणि विद्यार्थी असताना स्वतंत्र धंदा चालत नाही. म्हणजे शेजारच्या आजींची हिरवळ कापून रोख पैसे घेणंसुद्धा नियमात बसत नाही. आपली पोरं नेमकी इथं फसतात.

माझं मत विचारशील तर आधी नवसारी किंवा आणंदच्या कृषी विद्यापीठातून हॉर्टिकल्चरची चार वर्षांची पदवी घे. शेवटच्या वर्षी गावात राहून काम करावं लागतं, ते टाळायच्या पळवाटा शोधू नकोस. मग एमएस्सीला बाहेर पड. वनस्पतींच्या वर्गीकरणात गोडी लागली तर क्यू आणि क्वीन मेरी विद्यापीठाचा एकत्र एमएस्सी आहे, एडिनबरालाही तिथल्या बोटॅनिक गार्डनबरोबर चालणारा आहे. पदवी किंवा एमएस्सीनंतर इथं राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच असेल. त्यात मात्र स्वतःचं काम करता येतं, बागाही घेता येतात. त्या मुदतीत संशोधनाची नोकरी मिळाली तर राहायचा रस्ता उघडतो. नाही मिळाली तर शिकलेलं घेऊन परत यायचं, हे घरी आत्ताच बोलून ठेव.

कामाचं खरं रूप सांगते. इथं झाडं ओळखायची परीक्षा असते. फेब्रुवारीत टेबलावर ओळीनं वीस बरण्या, प्रत्येकीत एक बोडकी काडी. पान नाही, फूल नाही. कुळ, प्रजाती, जाती लॅटिनमध्ये लिहायची, स्पेलिंग चुकलं की गुण गेले. ॲशच्या काडीवर काजळासारखे काळे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, असतात, तो फ्रॅक्सिनस एक्सेल्सिअर. बीचचे डोळे लांब, टोकदार, तपकिरी, तो फेगस सिल्व्हाटिका. आपण कडुलिंब आणि आसोपालवात वाढलेली माणसं, झाड पानांवरून ओळखतो. सवय मोडायला एक हिवाळा जातो. म्हणून कमाटीबागेत जाऊन आत्तापासून सालीला हात लाव, डोळे बघ, वास घे.

हिवाळ्याचं काम पुस्तकात वाटतं तसं नाही. उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्चमध्ये लावतात, म्हणजे नेमकी गारठ्यात आणि चिखलात. डिसेंबरात चारला अंधार. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी घरात बसायची मुभा असते, इथं पावसातही काम चालू. पगार बेताचा. पाठ जपावी लागते, हे विशीत कुणालाच पटत नाही.

तोवर बडोद्याजवळच्या एखाद्या रोपवाटिकेत सुट्टीत काम माग, फुकट का होईना. गुलाबावर डोळे भरायला (डोळा बसवून कलम करायला) शीक, आंब्याचं पाचर कलम बांध, पावसाळ्यात गुटी कलम बांध. इथल्या मुलाखतीत मार्कशीटपेक्षा हे विचारतात, आणि सांगताना तुझे हात आपोआप हलले की समोरच्याला कळतं. गाडी चालवायचं लायसन्सही काढून ठेव. इथं ते १२ महिने चालतं, मग इथली परीक्षा द्यावी लागते. बऱ्याच बागा गावाबाहेर असतात आणि सकाळी लवकर तिकडे बस नसते.

विद्यार्थी व्हिसाबरोबर इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार असतो, तो कॉलेजच्या फीत धरलेला नसतो, खर्चाच्या कागदावर वेगळा लिही. कॉलेजांची नावं काढलीस की कळव. प्रत्येकाला स्पॉन्सर करण्याचं विचारलंस का आणि काय उत्तर आलं, तेही त्याच पत्रात लिही.