प्लेस्टेशन फोरला फोर-के कशाला?

प्रश्न : काका, मी उदगीरचा, बारावीला आहे. मामेभावाकडून सेकंडहँड प्लेस्टेशन फोर स्लिम घेतलंय. सोयाबीनचे पैसे हातात आले की वडील टीव्ही घेणार आहेत, पण वीस हजारांच्या वर नाही म्हणतात. दुकानात तीन टीव्ही दाखवले : ३२ इंची एचडी रेडी बारा हजारांना, ४३ इंची फुल एचडी अठराला आणि ४३ इंची फोर-के चोवीसला. दुकानदार म्हणतो, गेमिंगला फोर-केच लागतो, वरचे चार हजार हप्त्यानं द्या. पलंग टीव्हीच्या भिंतीपासून आठ फुटांवर आहे. काय करू? आणि एचडीएमआय केबल भारीतली घ्यावी लागते का?

उत्तर : लेकरा, चार हजारांसाठी वडलांच्या मागं हप्ता लावू नको. ४३ इंची फुल एचडी घे.

तुझं स्लिम १०८०पीच्या, म्हणजे फुल एचडीच्या, वर चित्र देतच नाही. २०१६ साली सोनीनं स्लिम आणि प्रो दोन्ही काढले. फोर-के द्यायचं काम प्रोचं. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख ठिपके. स्लिम पाठवणार २१ लाखांच्या आत. बाकीचे टीव्ही आपल्या मनानं भरून काढणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय ४३ इंचात फुल एचडी आणि फोर-केमधला फरक कळायला साडेपाच फुटांच्या आत सरकावं लागतं. तू बसणार आठ फुटांवर.

मग एचडी रेडी घेऊन आठ हजार वाचवावेत का? नको. त्यात बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात. हे माप धड ७२०चं नाही, धड १०८०चं नाही. स्लिमनं काहीही पाठवलं तरी टीव्ही ते ओढूनताणून बसवतो आणि मार बसतो बारीक अक्षरांना. क्रिकेटच्या गेममधला कोपऱ्यातला स्कोअर वाचताना डोळे बारीक करशील. खोक्यावर 'फोर-के सपोर्ट' छापलंय म्हणून भुलू नको. रिझोल्यूशनपुढं १९२० गुणिले १०८० असेल तरच पुढं बोल.

आता दुकानदार सांगत नाही ते ऐक. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत किती वेळ जातो, यावर गेमवाल्यानं खरं भांडावं. टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो आणि तेवढ्यात यॉर्कर दांडी उडवून जातो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६-१७ मिलिसेकंदांची. हे गुळगुळीत करणं थांबवणारा टीव्हीतला गेम मोड बंद असला की स्वस्त टीव्ही चार-पाच फ्रेम सहज मागं पडतो. म्हणून प्लेस्टेशन आणि कंट्रोलर पिशवीत घालूनच दुकानात जा. सकाळी जा, दिवाळीच्या गर्दीत तुला कोणी उभं करणार नाही. पिक्चर मोडमध्ये 'गेम' आहे का बघ. मग प्लेस्टेशनच्या मेनूतच अंगठ्यानं भराभर इकडं-तिकडं फिर, आधी 'स्टँडर्ड'वर, मग 'गेम'वर. 'गेम'वरही निवडीची चौकट अंगठ्यामागून रेंगाळत येत असेल तर तो टीव्ही सोडून दे, मग कितीही 'के' असो.

वर्षभरात प्लेस्टेशन फाइव्ह यायचं पक्कं असतं तर मीच फोर-के घे म्हणालो असतो. पण बारावीच्या वर्षात ते कोण घेऊन देणार, तूच सांग.

बिल नीट बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

उरलेल्या दोन हजारांत स्टॅबिलायझर बसव. आपल्याकडं लाइट जाते त्याचं एवढं नाही, ती ज्या झटक्यानं येते त्यानं बोर्ड उडतात. परभणीला माझ्या टेबलावर पावसाळ्यात असले टीव्ही रांगेनं पडलेले असतात.

केबल प्लेस्टेशनबरोबर आलेली चालते. मामेभावानं ती ठेवून घेतली असेल तर साधी हायस्पीड एचडीएमआय आण. सोन्याच्या मुलाम्यानं १०८०पीचं चित्र उजळत नाही. जोडल्यावर सेटिंग्ज, साउंड अँड स्क्रीन, व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज इथं जाऊन रिझोल्यूशन बघ. मामेभावाच्या टीव्हीसाठी ते ७२०पीवर ठेवलेलं असू शकतं.