कुत्र्याचे पोट वारंवार बिघडत असेल, तर केवळ खाणे बदलून ते बरे होते का?

तुमच्या कुत्र्याला तीन महिन्यांपासून जुलाब होतात, औषध चालू असेपर्यंत थांबतात आणि बंद केले की पुन्हा सुरू होतात, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या कुत्रीचेही जवळजवळ वर्ष असेच गेले. दिवसातून पाच-सहा वेळा बसायची, कुंथायची आणि चमचाभर शी व्हायची, तीही आवेने माखलेली.

आधी पशुवैद्यांकडून शी तपासून घ्या, कारण पोटात जंत किंवा जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) असेल तर नुसते खाणे बदलून भागत नाही. वजन घटत असेल तर स्वादुपिंडाची आणि रक्तातील बी१२ जीवनसत्त्वाची तपासणीही करावी लागते.

तपासण्यांत काही आढळले नाही, तर मात्र आहार हाच पहिला उपचार ठरतो आणि जुनाट जुलाब असलेली पुष्कळ कुत्री तेवढ्यानेच सुधारतात. यासाठी त्याने पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्राण्याचे मांस असलेले किंवा ज्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात असे हायड्रोलाइज्ड खाद्य निवडतात. जुन्या खाण्यात ते थोडे थोडे मिसळत साधारण आठवडाभरात पूर्ण बदल करावा आणि दिवसाचे खाणे तीन-चार वेळांत विभागून द्यावे. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसतो.

माझी चूक अशी झाली, की मी दर चार-पाच दिवसांनी खाद्य बदलत राहिले, त्यामुळे कशाने काय झाले हे कधी कळलेच नाही. पुढे एकच खाद्य नेमाने दिले, तरी आव जाईना. शेवटी लक्षात आले, की तिला रोज दिली जाणारी चघळायची गोळी मांसाच्या स्वादाची होती. ती बंद केल्यावर नवव्या दिवशी कागदाने उचलता येईल अशी, कागदाला न चिकटणारी घट्ट शी झाली. म्हणून घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा, की बिस्किटाचा एक तुकडासुद्धा द्यायचा नाही.

काही आठवडे पोट शांत राहिले, की जुन्या खाण्यातील एकेक पदार्थ पुन्हा देऊन पाहावा. ज्याने त्रास उलटेल तो कायमचा वगळावा. घरी शिजवलेले मांस-भात थोडे दिवस चालते, पण त्यात कॅल्शियम कमी पडते, म्हणून तोच आहार पुढे चालू ठेवायचा असेल तर तो पशुवैद्यांकडून आखून घ्यावा. रक्त पडले, शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर आहाराचा प्रयोग तिथेच सोडून त्याला लगेच दवाखान्यात न्या.