पोलंडच्या शिवारातल्या बेनाव कबरी : वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या खेड्यांत लपलेल्या आणि तिथेच मारल्या गेलेल्या ज्यूंच्या कबरींविषयी बरीच पत्रं साठली आहेत. काही नोकरीनिमित्त पोलंडला गेलेल्या मराठी मंडळींची, काही इस्रायलमधल्या बेने इस्रायल घरांतली. पुष्कळांचा गोंधळ एकच आहे, म्हणून उत्तरं एकत्र देते.

लुब्लिनजवळच्या जंगलात थडग्याच्या आकाराची लाकडी फळी दिसली. आसपास स्मशान नाही. हे काय असावं?

बहुधा ज्यू कबरीची खूण. वॉर्सातली ‘झापोम्न्याने’ ही संस्था अशा विस्मृत कबरींवर लाकडी मत्सेवा, म्हणजे स्मृतिफलक, उभारते. हात लावू नका. फळी मोडली असेल तर फोटो आणि नकाशावरची जागा संस्थेला कळवा.

यांना जर्मनांनी मारलं की गावकऱ्यांनी? एकजण एक सांगतो, दुसरा दुसरं.

गाव कोणतं ते सांगा, मग बोलू. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी व्याप्त पोलंडचा जर्मन कारभारी हान्स फ्रांक याने हुकूम काढला: घेट्टोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीबाहेर, सापडलेल्या ज्यूला मृत्युदंड आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही. १९४२ मध्ये घेट्टो रिकामे करून माणसं बेल्झेत्स, सोबिबोर, ट्रेब्लिंका या मृत्युछावण्यांत नेली जाऊ लागली. तेव्हा निसटलेले लोक कोठारांत, माळ्यांवर, जंगलात खणलेल्या खड्ड्यांत लपले. जर्मन जंदार्म, म्हणजे ग्रामीण पोलीस, आणि जर्मनांच्या हाताखालचे पोलिश ‘निळे पोलीस’ त्यांना हुडकत. अनेक गावांत शेजाऱ्यांनीच खबर दिली, काही ठिकाणी स्वतः मारलंही. खबरीचं बक्षीस कधी साखर असे, कधी व्होडका. आणि मार्कोवा गावात २४ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी आठ ज्यूंबरोबर त्यांना लपवणाऱ्या उल्मा दांपत्याला, त्यांच्या सहा लेकरांना गोळ्या घातल्या; विक्टोरिया उल्मा तेव्हा गरोदर होती. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. एक सांगून दुसरी झाकणाऱ्यांशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

अस्थी काढून नीट दफनभूमीत का नेत नाहीत?

ज्यू धर्मशास्त्रानुसार पुरलेल्याची शांती मोडायची नसते. अपवाद आहेत, मार्कोवातल्या त्या आठ जणांचे अवशेष १९४७ मध्ये हलवले गेले. पण १९४१ मध्ये जिथे गावकऱ्यांनी ज्यू शेजाऱ्यांना मारलं त्या येद्वाब्नेला २००१ मध्ये उत्खनन सुरू झालं, तेव्हा रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, आक्षेपामुळे ते मर्यादित ठेवावं लागलं. निर्णय पोलंडच्या रब्बींच्या दफनभूमी आयोगाचा, तुमचा-माझा नाही. त्यांना विचारा.

डीएनए चाचणीने ओळख पटेल का?

त्यासाठी अस्थी लागतात. वरचं उत्तर वाचा.

मी मूळची अलिबागकडची, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. सासूबाईंचे मामा-मामी १९४३ च्या हिवाळ्यात पोलंडच्या एका खेड्यात कोठारात लपले होते आणि तिथेच मारले गेले, एवढंच घरात ठाऊक आहे. रडार लावून शोधायचा विचार आहे. पैसे जमले की पुढच्या वर्षी जाऊ. कुठून सुरुवात करावी?

पुढच्या वर्षी? ताई, १९४३ मध्ये जो पोरगा दहा वर्षांचा होता तो आज नव्वदी ओलांडून गेला आहे. पुढच्या वर्षी तो नसेल. रडार असेल.

लोक यंत्रासाठी वर्षानुवर्षं थांबतात आणि माणसाला विचारायचं राहून जातं, याचा मला खरोखर संताप येतो. जमिनीखालचं रडार हाडं दाखवत नाही. माती कुठे उकरली होती एवढंच सुचवतं, आणि ओल्या चिकणमातीत तेही धड नाही. विमानातून लेझरने केलेल्या मोजणीचे नकाशे पोलंड सरकारने फुकट खुले ठेवलेत. त्यांत जंगलातला खळगा दिसू शकतो, पण नांगरलेल्या शेतात तो कधीच बुजलेला असतो. आणि खळगा म्हणजे कबरच असंही नाही, खंदक असेल किंवा नुसती वाळू काढलेली असेल. यंत्र कुठे फिरवायचं हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा म्हणजे लहानपणी कुंपणाआडून पाहिलेला म्हातारा, किंवा ‘त्या कोपऱ्यात नांगर घालायचा नाही’ असं सासऱ्याकडून ऐकलेली सून.

म्हणून आजच सासूबाईंजवळ बसा. मामांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, धंदा, आणि गावाबरोबर तालुका-जिल्हाही लिहून घ्या. एकाच नावाची गावं पोलंडमध्ये ढिगाने आहेत; नुसतं ‘वूल्का’ म्हणाल तर कुणीही हात टेकेल. मग याद वाशेम या जेरुसलेमच्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेकडच्या नावांच्या नोंदी पाहा. युद्धानंतर कुणा नातेवाइकाने साक्षपत्र भरलेलं असू शकतं. वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत वाचलेल्यांच्या जबान्या आहेत. १९४५ मध्ये स्थानिक न्यायालयांकरवी हत्या आणि सामूहिक कबरींची माहिती प्रश्नावली भरून गोळा केली होती. नाझी गुन्हेगार आणि त्यांच्या साथीदारांना शिक्षा देणाऱ्या ३१ ऑगस्ट १९४४ च्या फर्मानाखाली जे खटले चालले, त्यांच्या कागदांत ‘अमक्याच्या कुरणाशेजारी पुरलं’ अशी वाक्यं सापडतात. हे कागद बरेचसे पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेच्या अभिलेखागारात आहेत.

गावात मात्र एकट्याने जाऊन दारं ठोठावू नका. परक्या माणसाला पाहून ‘घर परत मागायला आले’ अशी धास्ती अजूनही आहे. आधी झापोम्न्यानेला लिहा, ते रब्बींच्या आयोगाबरोबर काम करतात. पत्र या आठवड्यात जाऊ द्या.

एका एजंटने धातुशोधक घेऊन ‘खात्रीने कबर’ शोधून देतो असं सांगितलं आहे. युरोत आगाऊ मागतो.

देऊ नका. पोलंडमध्ये वारसा-संरक्षण अधिकाऱ्याच्या परवान्याविना धातुशोधकाने जुन्या वस्तू शोधणं हा २०१८ मध्ये फौजदारी गुन्हा ठरला. पैसे त्याचे, गुन्हा तुमच्याही अंगावर. ज्यूंच्या कबरीत सोनं असतं या अफवेपायी युद्धानंतर ट्रेब्लिंकाची जमीन लोकांनी उकरून काढली होती. धातुशोधक घेऊन येणारा नेमकं काय शोधतो, याचा विचार करा.

कबरीवर फुलं वाहावीत की दिवा लावावा?

ज्यू रिवाजात लहानसा दगड ठेवतात. कबरीच्या मातीतला उचलू नका, वाटेवरचा घ्या.

जागा कळली आहे, पण ती खासगी शेतात आहे आणि मालक खूण लावू देत नाही. रात्री जाऊन लावली तर?

तर सकाळी ती उपटलेली असेल, आणि पुढे येणाऱ्यालाही तो मालक बांधावर उभं करणार नाही. जागेचे अक्षांश-रेखांश आणि सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून आयोगाकडे द्या. मालकाशी बोलणं त्यांच्यावर आणि गावच्या मुख्यावर, सॉल्तिसवर, सोपवा. बऱ्याचदा शेतात नाही तरी रस्त्याच्या कडेला फलक लावायला माणूस तयार होतो. तेवढं मिळालं तर घ्या.