भोसरीत २५ माणसांचं मशीनशॉप आहे. एआय आत्ता वापरावं की कायदे स्थिर होईपर्यंत थांबावं?

थांबू नका, पण ज्या कामात माणसांची माहिती येत नाही तिथूनच सुरुवात करा. भोसरी-चाकणच्या काही वर्कशॉपचं ऑफिसचं काम मी बघतो. तिथे सगळ्यात लवकर फायदा झाला तो पर्चेस ऑर्डरच्या पीडीएफमधून पार्ट नंबर, नग आणि डिलिव्हरीची तारीख एक्सेलमध्ये उतरवण्यात. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, म्हणजे ड्रॉइंगची कुठली सुधारित आवृत्ती आहे ते, मात्र माणसानेच ताडून बघायचा. ‘बी’च्या जागी ‘ए’ गेला की अख्खा लॉट भंगारात. कामगारांची हजेरी, पगार, आधार यांना सध्या हात लावू नका: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. गिऱ्हाइकाशी गोपनीयतेचा करार असेल तर त्याचं ड्रॉइंग फुकटच्या टूलवर अजिबात चढवू नका. सॉफ्टवेअर वर्षाच्याच कराराने घ्या आणि आपला डेटा परत मिळेल हे लेखी घ्या, म्हणजे उद्या नियम किंवा सरकारचं धोरण फिरलं तरी टूल सोडता येईल. फक्त एक: एआय बसवलेलं मशीन युरोपला विकणार असाल तर एवढं पुरणार नाही. तिथला २०२४ चा एआय कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, त्यासाठी आधी वकील गाठा.