शस्त्रक्रियेची तारीख ठरली, पण मन धजावत नाही

प्रश्न : मी सांगलीची, वय ३९, वजन ११८ किलो, मधुमेहही आहे. पुढच्या महिन्यात वजन घटवण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया ठरली आहे. सासूबाई म्हणतात, ‘चीरफाड कशाला? चार घास कमी खा.’ माघार घ्यावी का?

उत्तर : ताई, या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढतात आणि तो पुन्हा जोडता येत नाही, त्यामुळे तुमची धास्ती रास्त आहे; मनाची तयारी होईपर्यंत तारीख पुढे ढकलण्यात काहीच कमीपणा नाही. सासूबाईंचा सल्ला मात्र मला पटत नाही, कारण एवढे वजन केवळ कमी जेवून उतरवले, तर शरीर भूक वाढवते आणि ते बहुधा पुन्हा चढते. यात तुमच्या निर्धाराचा दोष नाही.

नंतरचे ताट मात्र बदलेल. सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ, काही आठवड्यांनी मऊ अन्न. पुढेही आधी डाळ, अंडे किंवा पनीर आणि मग जमली तर चतकोर भाकरी, तीही सावकाश चावून. जेवताना पाणी नको. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने आयुष्यभर घ्यावे लागते. मधुमेहाची औषधे बहुधा कमी होतात, पण स्वतःहून बंद करू नका.

जठराच्या टाक्यांतून गळती झाल्यास रात्री-अपरात्री कोणाला गाठायचे, हे सर्जनना आधीच विचारा आणि त्या भेटीला सासूबाईंनाही सोबत न्या.