वाचकांचे प्रश्न : खाऱ्या हवेतल्या क्रूझर मोटारसायकली

या अंकासाठी आलेल्या पत्रांत क्रूझर, म्हणजे बसक्या सीटच्या आणि ऐसपैस बसण्याच्या, मोटारसायकलींविषयीची पत्रे सर्वाधिक असून ती अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरून आलेली आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रलेखकांना आपल्या गाडीचे इंजिन बिघडले आहे अशी शंका आहे. पत्रांत सांगितलेली लक्षणे पाहता इंजिन निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक वाटते.

प्रश्न : माझ्याकडे 2014 ची बजाज ॲव्हेंजर 220 आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून सकाळी ती लवकर सुरू होत नाही, सुरू झाल्यावर मिसिंग करते आणि ताशी 40 किलोमीटरच्या पुढे झटके देते. गॅरेजमध्ये हाफ इंजिन (सिलिंडर आणि पिस्टनचे काम) करावे लागेल असे सांगितले. करावे का? — एक वाचक, मालवण

उत्तर : इतक्यात करू नये. पिस्टन किंवा रिंगा झिजल्या असत्या तर तो दोष पावसाबरोबर सुरू झाला नसता. सायलेन्सरमधून निळसर धूर आला असता, दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात ऑइल कमी झाले असते आणि गाडीची ओढ उन्हाळ्यातही हळूहळू कमी होत गेली असती. यांपैकी एकही गोष्ट आपल्या पत्रात नाही. तरीही गॅरेजचा आग्रह असेल तर आधी कॉम्प्रेशन मोजून दाखवण्यास सांगावे. ते काम काही मिनिटांचे आहे, आणि जो मेकॅनिक ते न करता इंजिन खोलू पाहतो त्याच्याकडे गाडी सोपवण्याची घाई करू नये.

पावसात उद्भवलेला दोष प्रथम विजेच्या जोडण्यांत आणि त्यानंतर पेट्रोलमध्ये शोधावा. आपल्या गाडीच्या डीटीएस-आय इंजिनात एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांपैकी एक पूर्ण बंद पडला तरी गाडी दुसऱ्यावर चालत राहते. फक्त पिकअप मंदावतो, ॲव्हरेज घटतो आणि थंड इंजिन सुरू होताना त्रास देते. त्यामुळे कित्येक मालक महिनोन्‌महिने एकाच प्लगवर गाडी चालवत असतात आणि त्यांना ते कळतही नाही. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवून पाहावेत. चालू असलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसते, तर बंद पडलेला प्लग काळा आणि पेट्रोलने ओला असतो. तसे आढळल्यास नवा प्लग घालण्यापूर्वी त्याची टोपी उलटी करून आत पाहावे. खाऱ्या दमटपणामुळे टोपीच्या आतील धातूवर हिरवट थर चढलेला असेल, तर नवा प्लगही आठवडाभरात तसाच वागेल. वायरीचे टोक थोडेसे कापून नवी टोपी बसवावी आणि तिच्या रबरी कडेला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. साधे ग्रीस येथे वापरू नये, कारण त्याने रबर फुगते.

यानंतर पेट्रोल पाहावे. कार्बुरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोट बाउलचा स्क्रू सैल करून त्यातील पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर दोषाचे मूळ सापडले असे समजावे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. एथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ते एथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते व तळाशी बसते. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरून ठेवणे चांगले. आत मोकळी हवा जितकी कमी, तितका ओलावा आणि टाकीचा गंजही कमी. टाकीच्या झाकणाभोवती पडणारे पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी काही गाड्यांत एक बारीक नळी असते. ती लाल मातीने बुजली की पाणी झाकणाखाली साचते आणि तेथून टाकीत झिरपते.

वेग वाढवताना येणारे झटके मात्र कार्बुरेटरच्या आतील भागांमुळेही येऊ शकतात. आपल्या गाडीच्या कार्बुरेटरमधील स्लाइड इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उचलली जाते आणि हे काम एका पातळ रबरी पडद्यावर अवलंबून असते. त्या पडद्याला टाचणीएवढे छिद्र पडले तरी थ्रॉटल उघडूनही गाडी ओढत नाही. पडदा उजेडासमोर हलकेच ताणून पाहिला की छिद्र दिसते. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचे भाग, साफ करताना तारेचा उपयोग करू देऊ नये. जेटचे छिद्र थोडे जरी मोठे झाले तरी पेट्रोल कायमचे जास्त जाते. हवेचा झोत आणि कार्बुरेटर क्लीनर एवढे पुरेसे आहे.

या गाडीला किक नाही हेही लक्षात ठेवावे. बंद गाडीत बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असावा, तो 12.2 व्होल्टपर्यंत उतरला असेल तर बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी झालेली असते. अशा वेळी सेल्फ फिरतो, परंतु ठिणगीला पुरेसा जोर उरत नाही. इंजिन चालू असताना मध्यम वेगावर 13.5 ते 14.5 व्होल्टपर्यंत दाब दिसत नसेल तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारी वीज नियंत्रित करणारा भाग) आणि चासीला जोडलेली अर्थिंगची वायर तपासावी. ही वायर जेथे बोल्टने आवळलेली असते तेथील रंगाखाली गंज चढतो, आणि तो खरवडून काढताच अनेक गाड्या काहीही न बदलता पूर्ववत होतात.

प्रश्न : मी रोज रत्नागिरी ते पावस ये-जा करतो आणि महिन्यातून एखादे वेळी आंबा घाटाने कोल्हापूरला जातो. वापरलेली रॉयल एनफील्ड थंडरबर्ड 350, 2016 ची, की मिटिऑर 350, 2021 ची, यांत निवड करायची आहे. कागदावर दोन्हींची ताकद सारखीच दिसते, मग फरक कशाचा? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कागदावर फरक खरोखरच नगण्य आहे. थंडरबर्ड 346 सीसी, 19.8 बीएचपी आणि 28 न्यूटन-मीटर. मिटिऑर 349 सीसी, 20.2 बीएचपी आणि 27 न्यूटन-मीटर. परंतु नोव्हेंबर 2020 मध्ये आलेली मिटिऑर ही थंडरबर्डची सुधारलेली आवृत्ती नसून तिचे इंजिन आणि चासी दोन्ही नव्याने घडवलेली आहेत. थंडरबर्डच्या इंजिनात कॅम खाली असतो आणि तो पुशरॉडच्या साहाय्याने व्हॉल्व्ह उघडतो. मिटिऑरमध्ये कॅम वर, सिलिंडर हेडमध्ये आहे आणि कंपन शोषण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट दिलेला आहे. ताशी 80 किलोमीटरच्या पुढे थंडरबर्डचे फुटरेस्ट आणि हॅन्डल थरथरू लागतात, तर मिटिऑर तेथेही शांत राहते. काहींना ती थरथरच आवडते, पण महामार्गावर तासन्‌तास बसल्यावर ती आवड टिकणे कठीण असते.

देखभालीत मात्र जुन्या गाडीचे काही गुण डावलता येत नाहीत. तिच्यात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप राखणारे भाग) आहेत, त्यामुळे टॅपेटची फट जुळवावी लागत नाही. मिटिऑरमध्ये ती वेळोवेळी तपासावी लागते. थंडरबर्ड सकाळी सुरू करताच काही सेकंद टकटक करत असेल तर टॅपेटमध्ये ऑइल भरेपर्यंतचा तो स्वाभाविक आवाज होय. गरम झाल्यावरही आवाज राहिला तर ऑइलची पातळी आणि प्रत पाहावी. थंडरबर्डची टाकी 20 लिटरची, मिटिऑरची 15 लिटरची. थंडरबर्डला किक आहे, मिटिऑरला नाही, आणि ज्या गावात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते व उतरलेली बॅटरी चार्ज करण्याची सोय राहत नाही, तेथे हा फरक सीसीच्या फरकापेक्षा मोठा आहे.

थंडरबर्ड पाहताना इंजिन पूर्ण थंड असताना सेल्फ मारून पाहावा. सेल्फ मारताच खर्रकन घासल्यासारखा किंवा ठोका बसल्यासारखा आवाज आला तर सेल्फची मोटर इंजिनाशी जोडणारा स्प्रॅग क्लच गेलेला असण्याची शक्यता असते. अशक्त बॅटरीवर वारंवार सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देते आणि हा भाग तुटतो. त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. मागचे चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश आणि हॅन्डलखालचा कोनसेट (हॅन्डल ज्यावर फिरते ते बेअरिंग) हातांनी हलवून पाहावेत, बॅटरीच्या खालची चासी रंग उडालेली आहे का ते पाहावे, आणि विक्रेत्याने चासीवर नुकताच काळा रंग मारलेला असेल तर जरा अधिक चौकस व्हावे.

मिटिऑरच्या बाबतीत एक गोष्ट अवश्य विचारावी. डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात बनलेल्या मिटिऑर गाड्यांतील इग्निशन कॉइलमध्ये (प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या भागात) दोष असू शकतो म्हणून कंपनीने मे 2021 मध्ये क्लासिक आणि बुलेटसह एकूण 2,36,966 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. त्यांपैकी थोड्याच गाड्यांत कॉइल बदलावी लागेल असा कंपनीचा अंदाज होता. आपण पाहत असलेली गाडी त्या काळातील असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी क्रमांक देऊन तपासणी झाली आहे की नाही हे विचारून घ्यावे. याखेरीज साइड स्टॅन्डचा स्विच पाहावा. स्टॅन्ड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद पडावे यासाठी तो असतो, परंतु चिखल आणि मिठाने तो अडकला की स्टॅन्ड वर असतानाही गिअर टाकताच गाडी बंद पडते आणि मालक इंजेक्शनच्या पंपापर्यंत सर्व काही तपासून थकतो.

रोजचे अंतर आणि घाट पाहता माझा कल मिटिऑरकडे आहे. 2021 च्या मिटिऑरला अलॉय चाके असून त्यांवरील टायर ट्यूबलेस आहेत. नंतर 2023 मध्ये आलेल्या ऑरोरा या मॉडेलला तारांची चाके आणि ट्यूब आहे. आंबा घाटात पंक्चर झाल्यावर चाक उतरवावे लागणे आणि खाऱ्या हवेने तारांची निपले गंजणे, हे दोन्ही त्रास मुद्दाम विकत घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : सुपर मिटिऑर 650 घेण्याची इच्छा आहे. घर रस्त्यापासून खाली आहे आणि वाट जांभ्याची आहे. अडचण येईल का? — एक वाचक, दापोली

उत्तर : येईल. ही गाडी 241 किलो वजनाची असून जमिनीपासून तिच्या तळाची उंची केवळ 135 मिलिमीटर आहे; मिटिऑर 350 चे हेच आकडे 191 किलो आणि 170 मिलिमीटर असे आहेत. दोन सिलिंडरचे 648 सीसी इंजिन अत्यंत सुरेख आहे आणि 740 मिलिमीटरच्या सीटमुळे पाय जमिनीवर नीट टेकतात, याबद्दल वाद नाही. परंतु शेवाळलेल्या जांभ्यावरून इतके वजन मागे ढकलत वर आणणे एकट्याने जमणारे नाही, आणि वाटेत पाखाडीची एखादी पायरी असेल तर गाडीचा तळ तिला घासणार. वर रस्त्यालगत पक्की शेड बांधण्याची सोय असेल तर विचार करावा. लांब व्हीलबेसमुळे (दोन चाकांतील अंतरामुळे) अरुंद अंगणात गाडी वळवणे कष्टाचे होते, हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.

प्रश्न : मी आठवड्यातून अनेकदा दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ये-जा करतो. माझ्या क्रूझरची चेन वर्ष भरण्याआधीच झिजू लागली आहे आणि पुढच्या शॉकअपमधून तेल येते. हे फेरीबोटीमुळे होते का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : बऱ्याच अंशी होय. बोटीच्या उतरत्या फळीवर खाडीचे पाणी असते, ते चाकांनी उडून चेन, ब्रेक आणि शॉकअपच्या नळ्यांवर बसते आणि वाळल्यावर मीठ मागे राहते. त्याच दिवशी साध्या गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग धुणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. प्रेशर वॉशरचा झोत मात्र चेन, चाकाचे बेअरिंग आणि वायरींच्या जोड यांवर मारू नये, कारण तो मिठाचे पाणी आत ढकलतो.

हल्लीच्या बहुतेक क्रूझरच्या चेनच्या सांध्यांत बारीक रबरी रिंगा असतात आणि आतले ग्रीस त्या राखतात. ही चेन पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने साफ केल्यास रिंगा फाटतात आणि ग्रीस निघून जाते. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरावा, चेन कोरडी पुसावी आणि 90 नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थोडे-थोडे लावावे. जळके इंजिन ऑइल लावण्याची पद्धत सोडून द्यावी; त्यातील धातूचे कण आणि वाटेवरची लाल धूळ मिळून चेन घासली जाते. चाक हळूहळू फिरवून चेन कोठे ताठ आणि कोठे सैल होते ते पाहावे. असा फरक आढळला किंवा स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कललेले दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत.

शॉकअपच्या बाबतीत नुसते ऑइल सील बदलून भागणार नाही. चकचकीत नळीवरून नख फिरवून पाहावे. गंजाने पडलेल्या खळग्याला नख अडकत असेल तर नवे सीलही काही आठवड्यांत फाटेल. खळगा उथळ असेल आणि सील जेथे घासते त्या भागाच्या बाहेर असेल तर बारीक पॉलिश पेपरने त्याच्या कडा मोडून काम चालते, अन्यथा नळीवर पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावे किंवा ती बदलावी. तेल डिस्कपर्यंत ओघळले असेल तर पॅडही बदलावेत, कारण तेल प्यायलेले पॅड धुऊन पूर्ववत होत नाहीत. एकाच बाजूचे सील गळत असले तरी दोन्ही बाजूंची सीले आणि तेल एकाच वेळी बदलावे आणि दोन्हीकडे तेल मोजून सारखेच भरावे. ते कमी-जास्त झाले तर पुढचा ब्रेक जोरात दाबताना दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत.