आधी एकच जण शोध

प्रिय,

तुझं पत्र वाचलं आणि त्यातली बँडसाठीची यादीही. ड्रमर हवा, बेस गिटार वाजवणारा हवा, दुसरी गिटार हवी, सगळ्यांची आवड तुझ्यासारखी हवी आणि आठवड्यातून तीनदा सराव व्हायला हवा. असे तिघं-चौघं तुझ्या वयाला एकदम सापडत नाहीत. ती यादी ठेव बाजूला आणि आधी एकच जण शोध. दोन तास वाजवून झाल्यावर ‘पुन्हा कधी?’ असं जो स्वतःहून विचारेल, असा.

बीटल्ससुद्धा एका दिवसात जमले नव्हते. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी १९५७च्या जुलैत भेटले, तेव्हा जॉन १६ वर्षांचा होता आणि पॉल १५. जॉर्ज हॅरिसन पुढच्या वर्षी आला. रिंगो स्टार ड्रमवर बसला तो थेट १९६२मध्ये. मधल्या काळात कितीतरी जण आले आणि गेले. तुझा बेसिस्ट दुसऱ्याच सरावानंतर यायचा बंद झाला, याचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस.

शोधायचं कुठे, तर आधी शाळेतच. १९७६मध्ये डब्लिनमधल्या लॅरी मलन नावाच्या १४ वर्षांच्या ड्रमरने शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावली, आलेली मुलं त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमली आणि त्यातूनच पुढे यू-टू हा बँड झाला. चिठ्ठीत मात्र नेमकं लिही: कोणती दोन-तीन गाणी वाजवायची आहेत, कोणत्या वारी, किती वेळ, आणि तुला स्वतःला कितपत येतं. ‘सिरियस लोकच हवेत’ असं लिहिण्यात अर्थ नाही, सगळे स्वतःला सिरियसच समजतात. कुणी ऑनलाइन भेटलं, तर पहिल्या भेटीला घरातलं मोठं माणूस बरोबर ने आणि जागा चार लोकांतली ठेव. यावर वाद नको.

आता माणूस पारखायचा कसा? ऑडिशन घेऊ नकोस. तिथे लोक आपला घोटलेला सोलो वाजवून दाखवतात आणि त्यातून काहीच कळत नाही. दोन गाणी ठरव, आठवडाभराचा वेळ दे आणि मग एकत्र वाजवा. एक गाणं मुद्दाम संथ घे. जलद गाण्यात उत्साहाने बरंच झाकलं जातं. संथ गाण्यात लय कोण पळवतो, हे चार ओळींत समजतं. समोरच्याने गाणं घरी ऐकलंय की तुझ्यासमोरच कॉर्ड शोधतोय, ते बघ. चूक झाल्यावर हात थांबतो, की पुढची मात्रा पकडून तो परत येतो? तू गायला लागलीस की त्याचा आवाज खाली येतो का? तुम्ही बोलत असताना तो तारा छेडत बसतो का? (हे शेवटचं फार क्षुल्लक वाटेल, पण सहा महिन्यांनी याच्यावरूनच भांडणं होतात.) बोटं हळूहळू तयार होतात. दुसऱ्याचं ऐकायची सवय नसेल, तर ती लावणं फार अवघड.

आवड तंतोतंत जुळायला हवी, हा हट्ट सोड. एखाद्याला मेटल आवडतं आणि तुला संथ गाणी, तर त्यातून काहीतरी वेगळं निघेल. जुळायला हवं ते दुसरंच: बँड कशासाठी आहे? कुणाला स्वतःची गाणी करायची आहेत आणि कुणाला फक्त कार्यक्रमात कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायची आहेत, तर ते आधीच बोलून घ्या. गाणं कुणी रचलं, कुणाचं किती, हेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

आठवड्यातून तीनदा जमायचं स्वप्न बघू नकोस. एकच वार धर. रेडिओहेड या इंग्लिश बँडची मुलं शाळेत असताना शुक्रवारी सराव करायची, म्हणून तेव्हा बँडचं नावच ‘ऑन अ फ्रायडे’ (शुक्रवारी) होतं. सुरुवात १९८५ची, रेकॉर्ड कंपनीशी करार १९९१चा. मधल्या कॉलेजच्या वर्षांतही सुट्ट्यांत ते एकत्र वाजवत राहिले. परीक्षेचे आठवडे आधीच वगळून टाका, म्हणजे कुणाला खोटी कारणं द्यावी लागत नाहीत.

ड्रमरचं दुखणं वेगळं. ड्रम महाग, जागा खाणारे, आणि आवाजामुळे घरचे वैतागलेले. त्यामुळे वाजवणारे कमी आणि प्रत्येक जण दोन-तीन बँडमध्ये अडकलेला. मिळेपर्यंत मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून किंवा कॅहोनवर (हातांनी वाजवायच्या लाकडी खोक्यावर) काम चालव. ड्रमर भेटलाच, तर सराव त्याच्या घरी ठेव. सामान उचलायचा त्रास वाचला की त्याची निम्मी कारणं संपतात.

आणि एखादा जमत नाही असं ठरलं, तर त्याला वगळून गुपचूप नवा ग्रुप काढू नका. तू स्वतः फोन कर, दोन वाक्यांत सांग आणि त्याची केबल, गिटारचं पेडल त्याच आठवड्यात परत दे.

चिठ्ठीचा मसुदा झाला की पाठव. गाणी कोणती निवडलीस तेही कळव, त्यातलं संथ कोणतं ते आधी.